ध्रुवांवरचा बर्फ नेमका किती घटतोय आणि हे मोजतात तरी कसं?

पाणकावळा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढला. ध्रुवांवरचा बर्फ कमी होतोय हे आपण सगळेच वाचतो, पण आकडे बघायला गेलं की गोंधळ वाढतो. एका ठिकाणी वाचलं की अंटार्क्टिका २००२ पासून दर वर्षी सरासरी १५० गिगाटनच्या आसपास बर्फ गमावतंय (गिगाटन म्हणजे शंभर कोटी टन). दुसरीकडे २०१५ सालचा नासाच्याच जे झ्वाली वगैरे शास्त्रज्ञांचा पेपर, त्यात म्हणतात अंटार्क्टिकात बर्फ उलट वाढतोय. आणि तिसरीकडे १९९२ ते २०१७ चा एकत्रित आकडा २,७२० गिगाटन घट आणि त्याच्यापुढे अधिक-उणे १,३९०! म्हणजे अनिश्चितताच निम्म्याहून जास्त. मग यातलं धरायचं काय?

मला "हवामानबदल खरा की खोटा" असला वाद इथे नकोय. मोजणी कशी होते, त्यात कुठे चूक होऊ शकते आणि ती कशी पकडतात एवढंच समजून घ्यायचंय. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

चांदणी

चांगला धागा. आधी एक गोष्ट वेगळी काढूया, कारण निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. समुद्राचं पाणी गोठून झालेला बर्फ वेगळा आणि जमिनीवर हजारो वर्षं साचलेला बर्फ वेगळा. आर्क्टिकचा सप्टेंबरचा नीचांक, अंटार्क्टिकाभोवतीचा हिवाळ्यातला विस्तार, हे सगळं समुद्री बर्फाबद्दल असतं आणि तो चौरस किलोमीटरमध्ये मोजतात. तो आधीच तरंगतोय त्यामुळे वितळला तरी समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. गिगाटनमध्ये जे सांगतात ते ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचं. साधारण ३६० गिगाटन समुद्रात गेला की जगभरची पातळी १ मिलिमीटर वाढते. २०१४ साली अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २ कोटी चौ. किमी.च्या वर गेला, तोवरचा सगळ्यात जास्त, आणि त्याच वर्षी पश्चिम अंटार्क्टिकातल्या हिमनद्या जमिनीवरचा बर्फ समुद्रात ओततच होत्या. दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या.

हिमरेषा

चांदणीने सुरुवात छान करून दिली. मी उपग्रहांच्या डेटाच्या प्रोसेसिंगमध्ये काम करते (ध्रुवांवर नाही, पण साधनं तीच) त्यामुळे जरा खोलात लिहिते.

जमिनीवरचा बर्फ मोजायच्या मुख्य पद्धती तीन आहेत आणि महत्त्वाचं म्हणजे तिघींच्या खोडी वेगवेगळ्या आहेत.

पहिली, गुरुत्वाकर्षण. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी मार्च २००२ मध्ये सोडली, नासा आणि जर्मनी मिळून. दोन उपग्रह एकाच कक्षेत एकामागोमाग साधारण २२० किमी अंतर ठेवून फिरायचे. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या भागाजवळ आला की तो किंचित पुढे खेचला जातो, अंतर वाढतं, मग मागचा खेचला जातो, अंतर कमी होतं. हे अंतर मायक्रोवेव्हने मायक्रॉनच्या पातळीपर्यंत मोजतात, आणि दर महिन्याच्या मोजणीवरून पृथ्वीवर कुठे वस्तुमान वाढलं कुठे घटलं याचा नकाशा तयार होतो. हे थेट वजन आहे, उंची नाही की क्षेत्रफळ नाही, म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते. पण नकाशा धूसर असतो, ३०० किमी वगैरेच्या खालचं नीट वेगळं काढता येत नाही, किनाऱ्यावरच्या बर्फाची घट आणि शेजारच्या समुद्रातला बदल एकमेकांत मिसळतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे उपग्रहाला फक्त वस्तुमान कळतं, ते बर्फाचं की खालच्या खडकाचं हे कळत नाही. गेल्या हिमयुगात या भागांवर आत्तापेक्षा बराच जास्त बर्फ होता, तो कमी झाल्यावर खालची जमीन अजूनही हळूहळू वर येतेय आणि पृथ्वीच्या पोटातला खडक तिकडे सरकतोय. हा भाग मॉडेलने काढून वजा करावा लागतो. ग्रीनलंडसाठी ही दुरुस्ती छोटी आहे, अंटार्क्टिकासाठी मोठी.

दुसरी, उंची. नासाचा आइससॅट-२ उपग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये गेला. तो सेकंदाला १०,००० वेळा हिरव्या लेझरचे स्पंद सोडतो, सहा किरणांमध्ये विभागून, आणि परत आलेले एकेक फोटॉन (प्रकाशकण) मोजतो. एका स्पंदात अब्जावधी फोटॉन जातात आणि परत येतात ते जेमतेम डझनभर, तरी त्यावरून पृष्ठभागाची उंची काही सेंटिमीटरच्या आत सांगता येते. युरोपचा क्रायोसॅट-२ हेच रडारने करतो, तो एप्रिल २०१० पासून वर आहे (पहिला क्रायोसॅट २००५ मध्ये प्रक्षेपणातच गेला, तोच परत बांधला). उंचीची अडचण अशी की उंची म्हणजे वजन नव्हे. एक मीटर ताजा भुसभुशीत बर्फ आणि एक मीटर घट्ट निळा बर्फ यांच्या वजनात जवळजवळ तिपटीचा फरक असू शकतो. घनतेचा अंदाज चुकला की वजन चुकलं.

तिसरी, जमाखर्च. वरून किती बर्फ पडला ते हवामानाच्या मॉडेलने काढायचं, आणि हिमनद्या समुद्रात किती ओततात ते मोजायचं. हिमनदी जमीन सोडून जिथे तरंगायला लागते तिथली तिची जाडी विमानातल्या रडारने घेतलेली असते आणि वेग उपग्रहांच्या रडार चित्रांवरून. जाडी गुणिले वेग, की प्रवाह आला. यात कुठली हिमनदी दोषी ते अगदी नेमकं कळतं. पण अंटार्क्टिकावर वर्षाला २,००० गिगाटनच्या वर बर्फ पडतो आणि जवळपास तेवढाच बाहेर जातो. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढायचाय. पडणाऱ्या बर्फाच्या अंदाजात पाच टक्के चूक झाली तरी शंभर गिगाटनचा फरक पडतो, म्हणजे उत्तराएवढीच चूक.

आता बघा, पहिली पद्धत खडकाच्या हालचालीत फसू शकते, दुसरी घनतेत, तिसरी हिमवर्षावात. या तीन चुकांचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणून तिन्ही एकाच बाजूला आणि साधारण एकाच आकड्याजवळ आल्या की विश्वास वाढतो, आणि नाही आल्या की कुठे शोधायचं तेही कळतं.

अनामिक वाटसरू

वाचनखूण साठवली. हिमरेषाताई, जमलं तर स्वतंत्र लेखच लिहा. वाचतोय.

रोखठोक

मी इथे विरुद्ध बाजूने विचारतो, राग मानू नका, मी खोडसाळपणे विचारत नाहीये.

एक. हिमरेषा यांनी स्वतःच लिहिलंय की अंटार्क्टिकासाठी खडकाची दुरुस्ती मोठी आहे. मग उपग्रहाने मोजलेलं काय आणि मॉडेलने घातलेलं काय? दुरुस्तीच जर उत्तराच्या तोडीची असेल तर ते मोजमाप कसं म्हणायचं, तो तर अंदाज झाला.

दोन. १९४२ मध्ये अमेरिकेची लढाऊ विमानं ग्रीनलंडच्या बर्फावर उतरवावी लागली होती, सहा पी-३८ आणि दोन बी-१७. पन्नास वर्षांनी १९९२ मध्ये त्यातलं एक बाहेर काढलं तेव्हा ते ८० मीटरहून खोल बर्फाखाली होतं. ग्रीनलंड वितळत असेल तर विमानांवर एवढा बर्फ चढला कुठून?

तीन. "सुधारित डेटा" हा प्रकार मला कायम खटकतो. प्रत्येक वेळी आकडे मागे जाऊन बदलतात. ज्याला आपण नोंद म्हणतो ती नोंद बदलायची कशी?

हिमरेषा

रोखठोक, प्रश्न अगदी रास्त आहेत.

विमानांचं आधी घेते कारण ते सोपं आहे. ग्रीनलंडचा बर्फ वरून पडतो, साचतो, स्वतःच्या वजनाने दबतो आणि हळूहळू कडेकडे सरकत जाऊन तिथे वितळतो किंवा तुटून समुद्रात पडतो. मधल्या उंच भागात आणि आग्नेय बाजूला बर्फ प्रचंड पडतो. विमानं उतरली ती अशाच साचण्याच्या पट्ट्यात. तिथे विमान गाडलं जाणारच, बर्फाची चादर घटत असो की वाढत असो. त्या एका जागेवर किती बर्फ पडला एवढंच विमान सांगतं, संपूर्ण चादरीतून बाहेर किती गेला ते त्याला कुठून कळणार? म्हणून तर पूर्ण ग्रीनलंडचा हिशेब लागतो.

आता खडकाची दुरुस्ती. ग्रेसच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे २००६ च्या आसपासच्या पेपरांत, अंटार्क्टिकासाठी ही दुरुस्ती खरोखरच उत्तराच्या तोडीची होती आणि तेव्हाच्या लेखकांनी ती चुकीच्या मर्यादेसकट छापली होती. मग काय झालं, तर अंटार्क्टिकात जिथे उघडा खडक आहे तिथे जीपीएस बसवले, खडक वर्षाला किती मिलिमीटर वर येतो ते थेट मोजलं, आणि लक्षात आलं की जुनी मॉडेलं जमीन जरा जास्तच वर उचलत होती. २०१२ च्या सुमारास नवी मॉडेलं आली आणि त्यांनी अंटार्क्टिकाची घट कमी करून दाखवली. हे मुद्दाम सांगते, कारण दुरुस्ती नेहमी एकाच दिशेने होते असा समज आहे.

आणि दुसरं, खडक हजारो वर्षांच्या गतीने हलतो, वीस वर्षांत त्याची चाल जवळपास सरळ रेषेसारखी असते. त्यामुळे दुरुस्ती चुकली तर दर वर्षीचा आकडा थोडा वर किंवा खाली सरकेल, पण घटीचा वेग वाढला की नाही हे त्याने बदलणार नाही. (पश्चिम अंटार्क्टिकात खालचा खडक जास्त मऊ आहे, तो अलीकडच्या घटीलाही प्रतिसाद देतो, तिथे हे इतकं साधं नाही, पण तोही जीपीएसवर दिसतो.)

सांख्यिक

अधिक-उणे १,३९० बद्दल मी लिहितो, धागाकर्त्याचा मूळ प्रश्न तोच होता.

हा आकडा इम्बी नावाच्या तुलनेतून आलाय. वेगवेगळे गट वेगवेगळे आकडे देत होते म्हणून सगळ्यांना एकत्र बसवून, एकच सीमारेषा, एकच कालखंड आणि एकाच प्रकारच्या दुरुस्त्या घेऊन परत हिशेब करायला लावले. २०१२ ला पहिली फेरी, २०१८ मध्ये अंटार्क्टिका, तिच्यात ८४ शास्त्रज्ञ आणि २४ स्वतंत्र अंदाज होते. मग ग्रीनलंडची, १९९२ ते २०१८: घट ३,९०२ गिगाटन, अधिक-उणे ३४२.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. ग्रीनलंडमध्ये अनिश्चितता दहा टक्क्यांच्या आत, अंटार्क्टिकात निम्म्यावर. शास्त्रज्ञांना सगळंच ठासून सांगायचं असतं तर दोन्हीकडे छान छोटे आकडे लिहिले असते की. जिथे कळलंय तिथे कळलंय म्हटलंय, जिथे नीट कळत नाही तिथे तसंच लिहून ठेवलंय.

आणि अंटार्क्टिकाचं ते निम्मं कुठून आलं हेही फोडून दिलंय. पूर्व अंटार्क्टिका: वर्षाला ५ गिगाटन वाढ, अधिक-उणे ४६. म्हणजे खरं उत्तर "सांगता येत नाही" असं आहे, वाढतोय म्हणणारा आणि घटतोय म्हणणारा दोघेही या मर्यादेत बसतात. पश्चिम अंटार्क्टिका: नव्वदच्या दशकात वर्षाला ५३ घट अधिक-उणे २९, आणि २०१२ ते १७ मध्ये १५९ अधिक-उणे २६. इथे शंकेला जागाच नाही, घट तिप्पट झाली आणि दोन्ही मर्यादा एकमेकींना शिवतही नाहीत. सगळं एकत्र करून एकच आकडा सांगितला की पूर्वेचा धूसरपणा पश्चिमेच्या स्पष्ट चित्रावर पसरतो. माझं स्पष्ट मत आहे की बातम्यांमध्ये "अंटार्क्टिका" असा एकच आकडा देणं बंद करायला हवं.

अजून एक, अधिक-उणे १,३९० चा अर्थ "घट शून्यही असू शकते" असा होत नाही. खालचं टोक धरलं तरी १,३३० गिगाटनची घट उरते. वरचं टोक धरलं तर ४,११०. अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते, पण चर्चेत आपण कायम खालच्याच बाजूचं टोक पकडून बसतो.

चांदणी

+१ सांख्यिक. शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा.

पाणकावळा

केवढं तरी स्पष्ट झालं, आभार. पण मग २०१५ च्या त्या पेपरचं काय? तो चुकीचा होता का?

हिमरेषा

झ्वालींचा पेपर जुन्या आइससॅटच्या (२००३ ते २००९) आणि त्याआधीच्या रडारच्या उंचीवर आधारलेला होता. त्यांच्या मते २००३ ते २००८ मध्ये अंटार्क्टिका वर्षाला ८२ गिगाटनने वाढत होता. पूर्व अंटार्क्टिकाचा आतला भाग वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने उंचावतोय असं त्यांना दिसलं, आणि ही वाढ हिमयुग संपल्यावर वाढलेल्या हिमवर्षावाला बर्फाची चादर अजून देत असलेला प्रतिसाद आहे असं त्यांनी मानलं, म्हणून त्या उंचीला घट्ट बर्फाची घनता लावली. तीच उंची ताज्या बर्फाची मानली तर वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. शिवाय जुन्या आइससॅटचा लेझर सलग चालत नव्हता, वर्षातून दोन-तीन मोहिमा व्हायच्या, आणि दोन मोहिमांमध्ये काही सेंटिमीटरचा फरक यंत्रामुळेच पडायचा. तो फरक कुठल्या संदर्भावरून काढायचा यावरही वाद आहे. सुमारे एक कोटी चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर चुकला की शंभरेक गिगाटन होतात, त्यामुळे भांडण नेमकं तिथेच आहे.

इतर बहुतेक गटांना त्यांची घनता पटलेली नाही. पण लक्षात घ्या, त्याच पेपरात पश्चिमेकडच्या थ्वेट्स आणि पाइन आयलंड हिमनद्यांची घट मान्य केलेली आहे. त्या पेपराच्या नावावर "अंटार्क्टिका वितळत नाही" असं जे फिरतं ते स्वतः लेखक म्हणत नव्हते.

रोखठोक

ठीक, विमानांचं उत्तर पटलं आणि पूर्व-पश्चिम वेगळं करायचंही पटलं. पण तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. यंत्रं बिघडतात, सरकतात, आणि मग मागचा डेटा बदलतात. हे कळतं कसं? बिघाड आणि खरा बदल यात फरक कोण करतं?

उत्तरायण

यावर मी लिहितो, समुद्री बर्फाच्या नोंदी मी नियमित बघतो.

समुद्री बर्फाची सलग नोंद १९७८ च्या शेवटापासून आहे, आधी निम्बस-७ आणि १९८७ पासून अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांवरचे मायक्रोवेव्ह सेन्सर. मायक्रोवेव्ह असल्यामुळे ढग असोत की सहा महिन्यांची रात्र, मोजणी चालूच राहते. सगळा पृष्ठभाग २५ किमीच्या चौकोनांत विभागतात, चौकोनात १५ टक्क्यांहून जास्त बर्फ असेल तर तो अख्खा चौकोन विस्तारात धरतात.

फेब्रुवारी २००९ मध्ये काय झालं, अमेरिकेच्या बर्फाच्या डेटा केंद्राच्या रोजच्या नकाशावर बर्फ असलेल्या जागी मोकळा समुद्र दिसायला लागला. वाचकांच्या ईमेल आल्या की हे काय चाललंय. तपासलं तर एका उपग्रहाचा सेन्सर जानेवारीपासून हळूहळू सरकत होता आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आर्क्टिकचा विस्तार तब्बल ५ लाख चौ. किमी. कमी दाखवला जात होता. केंद्रानं लगेच जाहीर केलं, तो सेन्सर सोडून दुसऱ्या उपग्रहाचा डेटा घेतला, आणि मागचे आकडे दुरुस्त केले. आता सांगा, हे आकडे मागे जाऊन बदलायला नको होते का? न बदलता ठेवले असते तर आजही कुणीतरी तो खड्डा दाखवून बर्फ कोसळला म्हणालं असतं.

फरक कसा ओळखतात तर एकाच वेळी दुसरे सेन्सर वर असतात. जपानचा वेगळा, युरोपचं स्वतंत्र प्रोसेसिंग. बर्फ खरोखर घटला तर सगळ्यांना दिसतो, सेन्सर बिघडला तर एकालाच.

अर्थात सगळंच एका दिवसात सापडत नाही. २०१४ मध्ये एका अभ्यासात दाखवलं की अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फाची वाढ एका लोकप्रिय नोंदीत आधी नगण्य आणि नंतर ठळक दिसत होती, आणि त्यातला बराच फरक १९९१ मधल्या उपग्रहबदलाच्या जोडणीतून आला होता. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. असली गोष्ट लपवायची नसते, ती तशीच सांगायची असते.

हिमरेषा

उत्तरायण यांच्या मुद्द्याला जोड देते. जुलै २०१२ मध्ये ग्रीनलंडच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर काही दिवस बर्फ वितळला, अगदी शिखराच्या भागातसुद्धा. ते पाणी परत गोठून वर एक कडक थर झाला. त्यानंतर क्रायोसॅटच्या डेटात मधल्या उंच भागात पृष्ठभाग साधारण अर्ध्या मीटरनं वर आलेला दिसला. आधी रडारच्या लहरी भुसभुशीत बर्फात थोड्या आत जाऊन परतायच्या, आता कडक थरावरून लगेच परतायला लागल्या. वितळण्याची घटना रडारला वाढ म्हणून दिसली! जमिनीवरच्या आणि विमानातल्या मोजण्या होत्या म्हणून कळलं. त्यासाठीच नासानं २००९ ते २०१९ दोन आइससॅटच्या मधल्या काळात विमानं उडवत ठेवली होती.

सांख्यिक

बर्फाच्या बाहेरूनही एक पडताळा आहे. बर्फ गेला तर पाणी कुठेतरी दिसलं पाहिजे. समुद्राची पातळी १९९३ पासून उपग्रह मोजतायत. पाणी तापून किती फुगलं ते समुद्रात सोडलेले सुमारे ४,००० आर्गो तरंगते यंत्र सांगतात. आणि समुद्राचं वस्तुमान किती वाढलं ते ग्रेस. फुगवटा अधिक वस्तुमान बरोबर एकूण वाढ, असं जुळायला हवं, आणि २००५ नंतरची बरीच वर्षं ते छान जुळत होतं.

२०१६ नंतर जुळेना. कुणी दडपलं नाही, उलट पेपर निघाले की हिशेब बसत नाहीये. शोधल्यावर आर्गोच्या काही यंत्रांचे क्षारता मोजणारे सेन्सर सरकलेले निघाले आणि समुद्राची पातळी मोजणाऱ्या जेसन-३ उपग्रहावरचं हवेतला ओलावा मोजणारं उपकरणही. बराच फरक त्यातून भरून निघाला. तीन वेगळ्या यंत्रणा नसत्या तर यातलं काहीच कळलं नसतं.

रोखठोक

ही माहिती मला खरंच नव्हती. तापमानाच्या नोंदींचंही असंच असतं का? तिथे तर दुरुस्त्यांवरून फारच आरोप होतात.

सांख्यिक

विषय जरा बाजूला जातोय म्हणून थोडक्यात. जुन्या जहाजांवर समुद्राचं पाणी बादलीनं काढून तापमान घ्यायचे, बादलीतलं पाणी मोजेपर्यंत थोडं थंड व्हायचं, नंतर इंजिनाला जाणाऱ्या पाण्याचं घ्यायला लागले. ही दुरुस्ती केल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची तापमानं वर जातात, म्हणजे एकूण तापमानवाढ कमी दिसते. जमीन आणि समुद्र मिळून सगळ्या दुरुस्त्यांचा निव्वळ परिणाम दीर्घकाळाची वाढ थोडी कमी करण्याकडेच आहे. उलट उदाहरणही आहे, स्पेन्सर आणि ख्रिस्ती यांची उपग्रहांवरची तापमानाची नोंद सुरुवातीला फारशी वाढ दाखवत नव्हती, मग १९९८ मध्ये उपग्रहाची कक्षा खाली येते हे धरलं नसल्याचं आणि २००५ मध्ये दिवसाच्या वेळेच्या दुरुस्तीतली चूक दुसऱ्या गटानं दाखवून दिली. आणि रिचर्ड म्युलर हे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांना या नोंदींवर शंका होती म्हणून त्यांनी बर्कली अर्थ प्रकल्पात सगळी आकडेमोड नव्याने केली, उत्तर आधीच्या गटांसारखंच आलं.

चांदणी

अतिशयोक्तीच्या बाजूचंही लिहायला हवं. २०११ मध्ये एका नामांकित इंग्रजी ॲटलासच्या नव्या आवृत्तीसोबत सांगितलं गेलं की ग्रीनलंडचा कायमचा बर्फ १५ टक्क्यांनी घटलाय, म्हणून मोठा भाग पांढऱ्याऐवजी हिरवा-तपकिरी छापला. यावर सगळ्यात आधी कोण उठलं तर केंब्रिजच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतले हिमशास्त्रज्ञ. हे साफ चूक आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तसंच हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे वाक्य आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २००७ च्या अहवालात गेलं होतं, तेही हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच पकडलं आणि २०१० च्या जानेवारीत आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला. मला या दोन्ही प्रसंगांचा अभिमान वाटतो, आपल्या बाजूला सोयीचा आकडा चुकीचा असेल तरी खोडला गेला.

पाणकावळा

अजून एक विचारायचंय. अलीकडे वाचलं की २०२१ ते २३ मध्ये अंटार्क्टिकाचं वजन चक्क वाढलं. मग कल उलटला का?

हिमरेषा

वजन वाढलं हे खरं आहे, ग्रेसच्या पुढच्या जोडीतच दिसलं. त्या काळात पूर्व अंटार्क्टिकावर असाधारण हिमवर्षाव झाला. मार्च २०२२ मध्ये तर ओलसर उबदार हवेचा लोट आत घुसला, तापमान त्या ऋतूच्या सरासरीपेक्षा कितीतरी अंश वर गेलं आणि बर्फ प्रचंड पडला. गरम हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे तापणाऱ्या जगात आतल्या भागात बर्फ जास्त पडेल असा अंदाज होताच. पण हिमवर्षाव वर्षागणिक खूप हेलकावतो आणि पश्चिमेकडच्या हिमनद्यांचा वेग तसा हेलकावत नाही, त्या काळातही त्या बर्फ ओततच होत्या. तीन वर्षांवरून कल ठरवू नये, ना वाढीचा ना घटीचा. ग्रीनलंडने २०१९ मध्ये एका वर्षात ५३० गिगाटनच्या आसपास गमावला, तोही आकडा दर वर्षीचा म्हणून वापरणं तितकंच चूक.

रोखठोक

माझं मत सांगतो. मी आलो तेव्हा मला वाटत होतं की दुरुस्त्या म्हणजे आकडे ओढूनताणून बसवणं. आता पश्चिम अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडबद्दल माझी शंका उरलेली नाही. पूर्वेबद्दल आहे, आणि ती तुमच्याच आकड्यांत आहे. पण मग जास्त काळजी याची वाटते की ही यंत्रं बंद पडली तर? सगळा विश्वास तर एकमेकांशी ताडून बघण्यावर उभा आहे.

हिमरेषा

नेमकं तेच. पहिली ग्रेस जोडी २०१७ च्या मध्यात थांबली, पुढची मे २०१८ मध्ये गेली, मधे जवळजवळ वर्षभर काहीच नाही. दोन्ही जोड्या एकाच वेळी वर असत्या तर थेट जुळवता आल्या असत्या, त्या नव्हत्या, म्हणून इतर मोजण्यांवरून जोड बसवावी लागली. नव्या जोडीतल्या एका उपग्रहाचा प्रवेगमापक सुरुवातीपासून नीट चालत नाही, दुसऱ्याच्या नोंदीवरून त्याचा हिशेब काढतात. तिची ठरवलेली पाच वर्षं २०२३ लाच संपली, पुढची जोडी २०२८ च्या आधी नाही. क्रायोसॅट-२ तर तीन-साडेतीन वर्षांसाठी बांधला होता. २०२१ मध्ये शेकडो शास्त्रज्ञांनी युरोपीय अवकाश संस्थेला पत्र लिहिलं होतं की ध्रुवांवरच्या उंचीच्या मोजणीत खंड पडेल, काहीतरी करा.

उत्तरायण

समुद्री बर्फाचंही तसंच. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं जाहीर केलं की त्या लष्करी उपग्रहांचा मायक्रोवेव्ह डेटा देणं महिनाअखेर बंद करणार, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची साखळी आणि सूचना काही दिवसांची. ओरड झाल्यावर तारीख पुढे गेली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे जपानचा सेन्सर २०१२ पासून वर आहे, म्हणजे दोघांनी दहा वर्षांहून जास्त काळ तोच बर्फ एकाच वेळी मोजलाय. त्यामुळे जोडणी कुठल्या दिवशी किती चुकते ते चौकोनागणिक तपासता येतं. हा सगळा डेटा मोफत उतरवून घेता येतो, रोखठोक, तुम्हाला दोन्ही नोंदी स्वतः ताडून बघायच्या असतील तर कुठून घ्यायच्या आणि कशा उघडायच्या ते मी व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

रोखठोक

पाठवा नक्की. आधी २०१२ चा सप्टेंबर घेतो, आर्क्टिकचा विस्तार ३४ लाख चौ. किमी.पर्यंत उतरला होता तो. दोन्ही सेन्सर तिथे किती जुळतात ते बघून इथेच लिहितो.